‘आता फक्त आराम करा’ : हार्ट फेल्युअरच्या पेशंटला हा सल्ला पुरे झाला!

हार्ट फेल्युअर म्हटले की आपल्या नांदेड-लातूरकडे घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पंपिंग किती?” इकोच्या कागदावर ३० टक्के दिसले की घर हादरते. आबांचे शेतात जाणे बंद, पारावर बसणे बंद, जिना तर नकोच. “आता फक्त आराम करा,” असे डॉक्टर म्हणतात, पाहुणे म्हणतात, लेकी-सुना म्हणतात. सगळे मायेनेच म्हणतात. तरीही या वाक्यावर माझा स्पष्ट आक्षेप आहे.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय शरीराच्या गरजेइतके काम करू शकत नाही, म्हणून पायावर सूज येते, फुप्फुसात पाणी साठते, धाप लागते. अशा वेळी विश्रांती हवीच. पण औषधांनी सूज उतरली, तब्येत स्थिर झाली, त्यानंतरही माणसाला खाटेवर बसवून ठेवले की पायांचे स्नायू झिजतात. मग न्हाणीपर्यंत जातानाही दम लागतो आणि आपण दोष देतो पंपिंगला. खरे तर पंपिंगचा आकडा आणि माणूस किती चालू शकतो, यांचा मेळ फारसा बसत नाही. तेवढ्याच पंपिंगचा एक जण बाजार करून येतो, दुसरा अंगणातच थकतो.

पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या २,३३१ पेशंटवर अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समध्ये एक मोठा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आधी देखरेखीखाली आणि मग घरी नियमित व्यायाम करणे सुरक्षित ठरले. रोजच्या जगण्यातला त्रासही कमी झाला. फायदा फार मोठा नव्हता, पण तो लवकर दिसला आणि टिकला.

आणि हा ‘आराम’ मिळतो तरी कुणाला? आबांना सक्तीने बसवले जाते. आजारी आई मात्र दवाखान्यातून आल्यावर चार दिवसांत चुलीपुढे असते. दोघांचेही नुकसानच. तिला कामाच्या मध्ये विसावा हवा, त्यांना रोजची हालचाल हवी.

दुसरे घासून गुळगुळीत झालेले वाक्य : “टेन्शन घेऊ नका.” हार्ट फेल्युअरच्या साधारण दर पाच पेशंटपैकी एकाला नैराश्य असते. झोप नाही, जेवणावर वासना नाही, गोळ्या घ्यायचाही कंटाळा. “वयामुळे होते,” म्हणून आपण सोडून देतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या अभ्यासात नैराश्याच्या एका नेहमीच्या गोळीचा अशा ३७२ पेशंटना साध्या नकली गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला नाही. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेत १५८ पेशंटवर झालेल्या अभ्यासात विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने मात्र नैराश्य कमी झाले. पण वजन, पथ्य, औषधे सांभाळण्याची सवय त्याने आपोआप लागली नाही. ती वेगळी शिकवावीच लागते.

ती शिकवतो कोण? “ओपीडीत वेळ कुठे आहे?” असे आम्ही डॉक्टर म्हणतो. गर्दी खरी आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. वजन कसे लिहायचे हे सिस्टर दहा मिनिटांत शिकवू शकतात. किनवटहून नांदेडला किंवा निलंग्याहून लातूरला धाप लागलेला माणूस आणण्यात घराची किती ओढाताण होते, ते तुम्ही जाणता. त्यातल्या काही फेऱ्या नक्की वाचतील.

म्हणून तब्येत स्थिर झाली की तुमच्या डॉक्टरांना विचारून हे सुरू करा :

• रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले, तर धाप लागायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

• पाच-दहा मिनिटांपासून चालायला लागा, हळूहळू वाढवा. चालताना बोलता आले पाहिजे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा जास्त धाप लागली तर थांबा. उन्हाळ्यात पहाटेच चाला.

• दिवसभराचे मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवा. ठेचा, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरा. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते. हृदयाच्या काही औषधांसोबत ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून विचारल्याशिवाय नको.

• पाणी किती प्यायचे हे डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्या. मे महिन्यातले आणि डिसेंबरातले प्रमाण एकच असेल का, हेही विचारा.

• मन खचले असेल तर स्पष्ट सांगा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

यातले काहीही गोळ्यांऐवजी नाही. गोळ्या आयुष्य वाढवतात, त्या बंद करू नका. पण वाढलेले आयुष्य खाटेवर भिंतीकडे बघत काढायचे नसते. पुढच्या खेपेला “पंपिंग किती?” विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न नक्की विचारा : “डॉक्टर, मी रोज किती चालू?” याचे नेमके उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तो तुमचा हक्क आहे.