दुसरी संधी

गेल्या पंधरवड्यात आपल्याच तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांची साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त (२००४) कादंबरी ‘बारोमास’ पुन्हा वाचली. आणि विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) हा व्हिडिओ गेमही खेळून पाहिला. भावाच्या शोधात निघालेली राजी असुरांकडून कितीदा तरी मारली गेली. खेळाने तिला दरवेळी पुन्हा उभे केले. ‘बारोमास’मधील सुशिक्षित शेतकरी एकनाथ याला मात्र बुडालेला हंगाम परत मिळत नाही. खेळ चिकाटी शिकवतो, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तेथे फुकट लाभणारी दुसरी संधी शेतीत पीकविमा, वेळेवरचे कर्ज अशा व्यवस्थांनीच निर्माण करावी लागते. ती नसली म्हणजे काय होते, हे कादंबरीच सांगते. मुलांनी खेळ जरूर खेळावा. पण नंतर हे पुस्तकही उघडावे.