लग्नात लावलेला पैसा



नांदेड-लातूर भागात कौटुंबिक सल्ल्याचं काम करताना एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते येणार हे आता आधीच कळतं. मार खाऊन माहेरी आलेली मुलगी खाली मान घालून बसलेली असते आणि वडील म्हणतात, "ताई, हिच्या लग्नात जमीन गेली. आता हिला घरी कशी ठेवू?"

जमीन गेली हे खरं. सावकाराचं व्याज चालू आहे, तेही खरं. पण मुलगी नांदली म्हणून जमीन परत येत नाही आणि माहेरी राहिली म्हणून व्याज वाढत नाही. मग तिनं कुठं राहायचं हे ठरवताना तो खर्च मधे येतोच कशाला? हिशेब करायचाच तर पुढचा करावा. परत पाठवली तर मोटारसायकल, प्लॉटसाठी पैसे, धोंड्याच्या महिन्यात जावयाला सोनं, शिवाय दवाखाना. तिचा जीवही जाऊ शकतो. ठेवली तर एका माणसाचं जेवण. आणि तेही ती फुकट खात नाही. आल्या आठवड्यातच ती खुरपायला गेलेली असते, ते कुणी मोजत नाही.

हीच माणसं शेतात असं वागत नाहीत. सोयाबीन उगवलं नाही तर बियाण्याची बॅग महाग पडली म्हणून रान तसंच कुणी ठेवत नाही. मनाला लागतं, पण पेरणी मोडतात, दुबार पेरतात. (बोअरचं मात्र वेगळं. दोन कोरडे गेले की त्यांचे पैसे वसूल करायला तिसरा पाडतात!)

सगळ्यात अवघड असते ती मुलगी स्वतः. "बाबांचं एवढं झालंय" म्हणत तीच परत निघते. 2017 साली लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं तर लग्नाच्या खर्चाचा बोजा वडिलांवर नको, असं लिहून ठेवून जीव दिला.

आणि बुडालं म्हणतात ते सगळं बुडालेलं नसतं. मंडप, बँड, जेवणावळी गेल्या. दागिने, भांडी, कपाट हे स्त्रीधन आहे. ते पूर्णपणे बाईच्या मालकीचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 प्रमाणे दुसऱ्यानं घेतलेला हुंडाही तिच्याच हवाली करावा लागतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. 2024 साली तर न्यायालयानं स्पष्ट केलं, की मुलगी हयात असताना तिनं अधिकार दिल्याशिवाय वडिलांनाही ते मागता येत नाही. म्हणजे ज्या पैशापायी बाप तिला परत पाठवतो, त्यातलं जे हाती येऊ शकतं ते त्याचं नाहीच, तिचं आहे.

म्हणून गटाच्या येत्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीनं आपल्या लग्नातल्या वस्तूंची यादी करायची. सोनाराची पावती सापडली तर उत्तमच. नसेल तर लग्नाचे फोटो काढा. त्यात अंगावरचे दागिने दिसतात आणि मागे मांडलेलं रुखवतही.