बोटीवरचा पगार आणि दोन देशांचा हिशेब

उरण-पनवेल पट्ट्यात आता आपल्या वस्तीतलीही पोरे बोटीवर जातात, आखातात जातात. काही शिकून-सवरून अमेरिका-इंग्लंडला पोहोचली आहेत. 1989 साली न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि जगातल्या बोटी आपल्या दारात आल्या. ज्या समाजाला गावाच्या वेशीबाहेर ठेवले गेले, त्याची पोरे आज देशाची वेस ओलांडत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण या पोरांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पगार परदेशातला, मग इथे रिटर्न कशाला?’ बांधवहो, हे वाक्य धोक्याचे आहे.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. ते आधी अर्थतज्ज्ञ होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी. एकाच कमाईवर दोन देशांनी कर मागितला तर माणसाने काय करायचे, या प्रश्नावर राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांकडून अहवाल मागवला होता. तो 1923 साली आला आणि त्या चौघांपैकी एक हेच सेलिग्मन होते! आज आपल्या पोरांपुढे उभा असलेला प्रश्न बाबासाहेबांच्या गुरूंच्या अभ्यासाचा विषय होता. आपण मात्र तो एजंटाच्या भरवशावर सोडून दिला आहे.

आता कायदा पाहू. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस किंवा त्याहून जास्त राहिलेला माणूस करासाठी ‘निवासी’ ठरतो. निवासी ठरला की जगात कुठेही कमावलेला पैसा येथील कराच्या कक्षेत येतो. 2025 च्या नव्या आयकर कायद्यानेही ही कसोटी कायम ठेवली आहे. परदेशी फेरीच्या बोटीवरील भारतीय खलाशाचे दिवस सीडीसी पुस्तिकेवरून मोजायचे, असा नियम 2015 साली झाला. बोटीवर चढल्याच्या नोंदीपासून उतरल्याच्या नोंदीपर्यंतचे दिवस भारतातल्या मुक्कामात धरले जात नाहीत. त्याच फेरीत बोट न्हावा शेवाच्या धक्क्याला लागली आणि पोराला आपल्या गावचे दिवे दिसले, तरी कायद्याच्या लेखी तो बाहेरच असतो. असा अनिवासी खलाशी भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार येथील एनआरई खात्यात घेत असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने त्यावर कर लागत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 11 एप्रिल 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

पण समजा, आई आजारी पडली आणि पोरगा वर्षातले 190 दिवस घरी राहिला. मग संपूर्ण वर्षाच्या पगारावर कर! 2020 च्या टाळेबंदीने हेच दाखवून दिले. 2019-20 या वर्षासाठी अडकलेल्यांचे काही दिवस वगळले गेले. पुढच्या वर्षासाठी मात्र मंडळाने सरसकट सूट दिली नाही; दुहेरी कर बसत असेल तर माहिती द्या, एवढेच सांगितले. ज्याला दुसऱ्या देशात कर बसतच नाही, त्या खलाशाला याचा काय उपयोग? आणि जहाजमालकांचे काय? त्यांच्यासाठी 2004 पासून टनेज कराची सोय आहे. नफा कितीही होवो, पात्र कंपनीला जहाजाच्या टनांवर ठरवलेल्या उत्पन्नाचाच कर भरता येतो. मालकाचे टन मोजायचे आणि खलाशाचे दिवस मोजायचे, हा कुठला न्याय?

अमेरिकेत गेलेल्यांचे दुखणे वेगळे आहे. पनवेलची खोली भाड्याने दिली तर त्या भाड्यावर येथे कर लागतो आणि तेथील रिटर्नमध्येही ते दाखवावे लागते. येथे भरलेल्या कराची वजावट तेथे मिळते, त्यासाठीच 1989 चा दोन देशांतला करार आहे. पण वजावट कागद दाखवणाऱ्याला मिळते! एनआरई ठेवीचे व्याज येथे करमुक्त आहे, तेथे नाही. परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर ती अमेरिकी सरकारला वेगळी कळवावी लागते. 2015 च्या करारानुसार आपल्या बँकांतील अशा खात्यांची माहिती अमेरिकेला जाते. म्हणजे लपवाछपवीचा काळ संपला आहे.

विहारांच्या विश्वस्तांनीही ध्यानात घ्यावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या बांधवाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले दान परकीय देणगी ठरत नाही. त्यानेच परदेशाचे नागरिकत्व घेतले की तेच दान परकीय देणगी ठरते आणि परवानगीशिवाय ते घेता येत नाही. चळवळीवर डोळा ठेवून बसलेल्यांच्या हाती आपण होऊन कोलीत का द्यायचे?

भारतातले उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे रिटर्न सक्तीचे नाही, हे खरे. तरीही ते भरावे. बँकेने कापलेला कर परत मिळवायचा मार्ग रिटर्न हाच आहे. उद्या घराच्या कर्जासाठी तोच कागद लागतो आणि नोटीस आली तर तोच ढाल होतो. याच भूमीवर जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या हक्कासाठी पाच जण गोळीबारात शहीद झाले. हक्क रस्त्यावर मिळवावा लागतो आणि कागदावर टिकवावा लागतो, हा धडा या भूमीनेच दिला आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : शासनाने खलाशांसाठी मराठीतून मोफत करमार्गदर्शन केंद्र न्हावा शेवाला उघडावे. आजारपण आणि आपत्तीतले दिवस वगळण्याची तरतूद कायद्यात करावी. आणि समाजातील वकील, सीए, बँक कर्मचाऱ्यांनी जून-जुलैमधला एक रविवार विहारात बसून काढावा. खलाशाच्या घरच्यांनी सीडीसीची झेरॉक्स, बँकेचे पासबुक आणि पासपोर्टवरचे शिक्के घेऊन यावे. घटनेच्या कलम 265 ने कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येणार नाही, अशी हमी दिली आहे. ती हमी वापरायची असेल तर आपला हिशेब आपल्याच हातात हवा. जयभीम!