बिबट्यासाठी पिस्तूल कोणतं घ्यावं? आधी हे वाचा

सध्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न फिरतोय. चार-पाच जणांनी तो मलाही विचारला. "भाऊ, रानात बिबट्या दिसतोय. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. कोणतं चांगलं? आणि लायसन कसं निघतं?"

विचारणारे कुणी टगे नाहीत. रात्री मोटार चालू करायला जाणारी, वस्तीवर लेकराबाळांसह राहणारी माणसं आहेत. त्यामुळे टिंगल न करता नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा.

आधी एक गोष्ट मान्य करू. ही भीती खोटी नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यानं काय भोगलं ते आपण बघितलंय. सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी. एकामागोमाग एक जीव गेले, त्यात एक लहान मुलगाही होता. ऐन रब्बीत लोक रानात जायचे बंद झाले. पुढे करमाळा तालुक्यातही तेच झालं. पिंजरे लावले, ट्रॅप कॅमेरे लावले, ड्रोन फिरवले, वनखात्याची पथकं आणि नेमबाज आणले. एवढं सगळं असूनही तो बिबट्या आठवडेच्या आठवडे गुंगारा देत राहिला. शेवटी १८ डिसेंबर २०२० ला करमाळा तालुक्यात बिटरगावच्या शिवारात, केळीच्या बागेत, अकलूजच्या धवलसिंह मोहिते पाटलांनी त्याला गोळ्या घातल्या.

आता यातून पिस्तुलाबद्दल काय कळतं ते बघा. तो बिबट्या मारला तो खांद्याला लावायच्या बंदुकीनं. मारणारा माणूस सराव असलेला शिकारी होता, सोबत पथक होतं, बिबट्या कुठं दडलाय त्याचा माग काढलेला होता आणि वनखात्याचा लेखी आदेश होता. कमरेला पिस्तूल लावून एकट्या माणसानं रात्री बिबट्याला तोंड दिलं, असं या सगळ्या प्रकरणात कुठंच घडलेलं नाही.

ते घडणं अवघडही आहे. बिबट्या समोरून आव्हान देत येत नाही. तो दबा धरतो, मागून किंवा बाजूनं येतो आणि थेट मान धरतो. वाकून खुरपणारी बाई, दारं धरायला बसलेला माणूस, अंगणातलं लेकरू, असं बुटकं दिसणारं सावज त्याला सोपं वाटतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, पाय चिखलात. अशा वेळी कमरेचं पिस्तूल काढायचं, लॉक उघडायचं आणि अंधारात नेम धरायचा. चांगल्या पोलिसालाही हे जमणं कठीण. आपण तर वर्षातून एकदा दिवाळीला टिकल्या उडवणारे.

दुसरं म्हणजे हत्यार कोणतं मिळतं ते. आपल्याकडं ९ एमएमसारखी लष्करी बोअरची पिस्तुलं सामान्य माणसाच्या परवान्यावर मिळत नाहीत. मिळतं ते .३२ बोअर. सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर असो, 'निर्भीक' असो नाहीतर 'अशानी' पिस्तूल, सगळी याच बोअरची. 'निर्भीक' हे २०१४ मध्ये बाजारात आलं तेच मुळी महिलांच्या सुरक्षेच्या नावानं, म्हणजे माणसांपासून संरक्षणासाठी. .३०३ रायफलीच्या गोळीत जेवढा जोर असतो, त्याच्या पंधरा-वीसपट कमी जोर या गोळीत असतो. पन्नास-साठ किलोचा चवताळलेला बिबट्या अशा एखाद्या गोळीनं जागेवर पडेल याची खात्री कुणी देऊ नये. गोळी ओझरती लागली तर जखमी बिबट्या तुमच्याच शेजाऱ्याच्या उसात जाऊन बसणार. आणि नेम चुकला तर ती गोळी कुठल्या वस्तीकडं जाईल, कुणाला लागेल, हे अंधारात सांगता येत नाही.

अमेरिकेचं उदाहरण देणारेही भेटतात. तिकडं अस्वलांच्या जंगलात लोक पिस्तूल घेऊन फिरतात, हे खरं आहे. पण तिकडच्याच अलास्का राज्यातल्या शेकडो घटना तपासून संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला. अस्वलाशी गाठ पडल्यावर बंदूक वापरलेले आणि न वापरलेले, या दोघांत जखमी होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक त्यांना सापडला नाही. तिकडचे वन अधिकारी लोकांना तिखटाचा फवारा जवळ ठेवायला सांगतात. आणि ही गत तिथली, जिथं मोठ्या बोअरची हत्यारं दुकानात मिळतात.

आता कायदा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा. मात्र याच कायद्याच्या कलम ११(२) मध्ये सांगितलंय की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. म्हणजे अंगावर आलेल्या बिबट्याला कुऱ्हाडीनं मारलं तरी कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण पिस्तूल घेऊन त्याच्या मागावर गेलात तर नाही. शस्त्र कायद्यात पिकांची नासाडी करणाऱ्या आणि माणसा-जनावरांना इजा करणाऱ्या वन्यप्राण्यांसाठी वेगळा परवाना आहे. पण कायद्यानं पीक संरक्षणासाठी डोळ्यांसमोर ठेवलीय ती ठासणीची, लांब नळीची बंदूक. कमरेला लावून लग्नात मिरवायचं हत्यार नाही.

इथं आपल्या जिल्ह्याच्या दुखण्यावर बोट ठेवावंच लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीडमध्ये बाराशेहून जास्त शस्त्र परवाने आहेत हे राज्याला कळलं. अंजली दमानियांनी तेव्हा शेजारच्या परभणीचा आकडा समोर ठेवला होता, बत्तीस. पुढे गुन्हे दाखल असलेल्यांच्या परवान्यांची छाननी झाली, शंभरावर परवाने रद्द झाले. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मला एकच विचारायचंय. जिल्ह्यात एवढी हत्यारं असताना आष्टीतली माणसं बिबट्यानं मारली, तेव्हा यातली किती हत्यारं शेतकऱ्याच्या कामी आली? परवाने कुणाला मिळाले ते पाहिलं की उत्तर मिळतं. ठेकेदार, पुढारी, त्यांच्या मागे-पुढे फिरणारी मंडळी. 'जीवितास धोका' हे कारण लिहिणाऱ्याच्या बंगल्याला दोन फाटकं असतात. आणि ज्याच्या जिवाला रोज रात्री खरोखर धोका असतो, त्याच्याकडं घराला धड दार नसतं.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. जातात कुठं? जुन्नर, शिरूर, संगमनेर, करमाळा. बिबट्यानं उसालाच जंगल मानलंय त्या पट्ट्यात. उसात मादी पिल्लं घालते आणि त्याच उसात पहाटेच्या अंधारात आपली माणसं कोयता घेऊन शिरतात. लेकरं फडाच्या बांधावर झोपवलेली असतात. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, शौचाला उघड्यावर. २०२० मध्ये करमाळ्यात चिखलठाणला जी मुलगी गेली, ती ऊसतोड कुटुंबातलीच होती. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्यानं जीव घेतल्यावर तिथल्या बायका-म्हातारी माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागली. त्या गावकऱ्यांना निदान बातमीत जागा मिळाली. फडातल्या आपल्या माणसांना तीही मिळत नाही. यातल्या एकालाही मी पिस्तूल घ्यायला सांगू शकत नाही. लाखाच्या घरातलं हत्यार आणि वर्षाची उचल, हिशोब तुम्हीच करा.

मग करायचं काय? बिबट्यासोबत प्रेमानं राहा, असला शहाणपणा मी वस्तीवरच्या माणसाला शिकवणार नाही. पण ज्यानं जीव वाचतो ते मागायला आपण कमी पडतोय.

पहिली मागणी दिवसा विजेची. रात्री दोनला लाईट येणार म्हणून माणूस रात्री दोनला रानात जातो. हौस म्हणून कुणी जात नाही. दिवसा विजेसाठी सौर कृषिवाहिनीच्या घोषणा झाल्यात. ज्या शिवारात बिबट्या आढळलाय तिथले फीडर आधी घ्या, असा ठराव ग्रामसभा करू शकते.

दुसरी गोष्ट गोठा आणि कुत्री. विद्या अत्रेय यांच्या गटानं नगर जिल्ह्यात अकोल्याच्या ऊसपट्ट्यात अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे गावाबाहेर मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण टाकली की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. शेळ्यांना वरून बंद होणारा गोठा, दारात उजेड, शौचालय घराला लागून. हे पिस्तुलापेक्षा स्वस्त आहे आणि रोज कामाला येतं.

तिसरी मागणी ऊसतोड कामगारांसाठी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ काढलंय ना? मग बिबट्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यानं तळाला कुंपण, दिवे आणि फिरती शौचालयं द्यावीत, उजाडल्याशिवाय फडात तोड सुरू करू नये, ही अट त्या महामंडळानं घालून घ्यावी. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वारसाला २५ लाख रुपये देण्याचा राज्याचा निर्णय आहे. एक माणूस मेल्यावर जे द्यायचं, त्यात किती तळांवर दिवे लागतील?

चौथी, वनखात्याची. बिबट्या दिसला की किती वेळात पथक येणार, पिंजरा कुठून येणार, फोन कुणी उचलायचा, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. २०२० सारखं माणसं गेल्यावर बाहेरून नेमबाज बोलवायची वेळ पुन्हा येऊ नये. नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालावी लागते, ते मी नाकारत नाही. पण ती सरावलेल्या हातानं, आदेशानं आणि योग्य हत्यारानं घातली पाहिजे.

तोवर रानात एकटं जाऊ नका. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा, चांगली बॅटरी आणि लांब काठी ठेवा, लेकराला मागं एकटं चालू देऊ नका. आणि पिस्तुलासाठी कुणी 'सेटिंग करून देतो' म्हणून पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या पैशात गोठ्याला जाळी बसते.

पटलं नाही तर कमेंटमध्ये बोला, मुद्द्यावर बोला. आणि तुमच्या गावातला कुणी ऊसतोडीला गेला असेल तर त्याच्या तळावर दिवा आहे का, एवढं आज फोन करून विचारा. उत्तर इथं लिहा. तालुका आणि कारखाना टाकून लिहा, पुढची बातमी त्यावरच करायचीय.