टंच न्यूट्रलवर निघत नाही

करोल बागेत माझं गलाईचं दुकान आहे. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळत देशभर पांगली, त्यांतलाच मी एक. दुकानातून निघून थोडं चाललं की नाईवाल्याचा मोटरसायकल बाजार लागतो. आमच्या भट्टीचा, अ‍ॅसिडचा वास मागे पडतो आणि रबर-ग्रीसचा सुरू होतो. बुलेटचे सायलेन्सर केळीच्या घडांसारखे टांगलेले असतात.

तिथूनच परवा पुतण्या एक काळी डबी घेऊन आला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, मागे वायरींचा झुबका. त्याच्या केटीएमसाठी. सेन्सर आणि इंजेक्टर यांच्या मध्ये ही डबी बसते. गाडीच्या कंप्युटरनं ठरवलेलं पेट्रोल आणि ठिणगीची वेळ, दोन्ही वाटेतच बदलून पुढे पाठवते.

“तात्या, पाहिजे तवा काढून ठेवायची. कंपनीला पण कळत न्हाई.”

“मग कळतं कुणाला?”

“कुणालाच न्हाई.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. माझी तक्रार नेमकी याच ‘कुणालाच न्हाई’बद्दल आहे. त्याला मात्र मी रागवू शकलो नाही, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

2014 ची माझी डिझेल डिझायर. 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन, मूळ फियाटचं, बनायचं इथंच मानेसरला. डिझायरमध्ये ते 75 हॉर्सपॉवर देई, एसएक्स4 मध्ये तेच 90. हे एकदा कानावर पडलं की माणसाला वाटतं, पंधरा घोडे कंपनीनं आपल्याकडून लपवून ठेवलेत. 90 वाल्याचा टर्बो वेगळा होता, हे कुणी सांगत नाही. 2017 साली गुरुग्रामच्या एका गॅरेजात गेलो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल, केबलला लॅपटॉप, आणि बॅटरीला चार्जर, कारण फाईल लिहिताना व्होल्टेज पडलं तर कंप्युटर कायमचा झोपतो. आधी मूळ फाईल वाचून घेतली, मग नवी चढवली. यालाच रिमॅप म्हणतात. डिझेल जास्त, रेलचं प्रेशर जास्त, टर्बोचा दाब जास्त. माझा चहा पिऊन होईस्तोवर काम उरकलं. “भाईसाहब, अब चलाके देखो.”

चालवून पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा आली. पन्नाशीतला माणूस मानेसरच्या टोलनाक्यापर्यंत पोरासारखा गेला. आरशात मागे काळी रेघ दिसत होती, तिच्याकडे काणाडोळा केला.

त्याच दिवाळीत गावाला निघालो. खंबाटकी चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. जळक्या क्लचचा वास, मागे ट्रकची रांग, शेजारच्या सीटवर बायको गप्प. ती गप्प असली की मला जास्त कळतं. क्लच 75 च्या हिशेबानं बनवलेला, नव्या फाईलचा जोर त्याला पेलणार कसा?

पण सांगायची गोष्ट क्लचची नाही. त्या सगळ्या काळात माझी गाडी दरवेळी पीयूसी पास झाली.

झाली कशी, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. डिझेलची तपासणी गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर दाबून होते आणि धुराचा काळेपणा मोजला जातो. पेट्रोलची आयडलिंगवर, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनची. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. रिमॅपची खोड तर गाडीवर लोड आला की बाहेर पडते, चढावर किंवा ओव्हरटेक करताना. सराफाकडे टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं एक्स-रे मशीन असतं, ते वरच्या थराचा आकडा सांगतं. आत तांबं दडलंय की नाही, ते गाळल्यावरच कळतं. न्यूट्रलवर उभ्या गाडीची पीयूसी म्हणजे वरच्या मुलाम्याचा टंच. आणि तोही धड निघत नाही. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात, एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदी सापडल्यात.

डिसेंबर 2025 मध्ये दिल्ली सरकारनं ‘पीयूसी नाही तर पेट्रोल नाही’ केलं. हवा बिघडून ‘ग्रॅप’ या प्रदूषण-निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की बीएस-4 डिझेल गाड्या घरी बसतात, बीएस-6 वाल्या फिरतात. ठीक आहे, कुठं तरी रेघ ओढावीच लागते. पण बीएस-6 डिझेलमध्ये काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ. तिच्यातली काजळी जाळायला हायवेची लांब रपेट लागते. करोल बाग ते रोहिणी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याची जाळी तुंबते, दिवा लागतो, नव्या जाळीचा खर्च ऐकून घाम फुटतो. मग कुणी तरी जाळी काढून देतो आणि कंप्युटरला सांगतो की जाळी कधी नव्हतीच. दिवा विझतो. ही गाडी नोव्हेंबरच्या धुरक्यातही सन्मानानं फिरणार, आणि शेजाऱ्याची वेळच्या वेळी सर्व्हिस केलेली बीएस-4 झाकून उभी राहणार. आरसीवर दिसतो तो गाडीचा जन्मदाखला. आज ती काय ओकतेय, ते त्यावर कुठं असतं?

सॉफ्टवेअरची लबाडी आपल्याला नवी नाही. 2015 साली फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा भारतातही पुण्याच्या एआरएआयनं गाड्या तपासल्या आणि कंपनीला 3.23 लाख गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या. 2019 मध्ये हरित लवादानं 500 कोटींचा दंड सुनावला, सर्वोच्च न्यायालयानं सक्तीची वसुली थांबवली. कंपनीनं केलं तर घोटाळा, आपण केलं तर ‘स्टेज वन’ ट्यूनिंग.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीशिवाय फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाही तर दोन्ही, अशी तरतूद केली. पण चौकातल्या हवालदाराला मोठा सायलेन्सर ऐकू येतो, फाईल कशी दिसणार?

दिसू शकते. गाडीचा कंप्युटर आपल्या सॉफ्टवेअरची बेरीज करून एक क्रमांक सांगतो. फाईल बदलली की क्रमांक बदलतो. त्याच स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावायचं, कंपनीच्या यादीशी जुळवायचं. कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून हे करतात. परवानगी नसलेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडी नापास. मात्र ज्या ट्यूनरनं आपला माल सरकारी चाचणीतून पास करून घेतलाय, त्याला तिथं वाट आहे. आपल्याकडेही सीएनजी किट मंजुरी घेऊनच बसतं आणि आरसीवर चढतं की. मानेसरलाच आयकॅटची गाड्या तपासायची प्रयोगशाळा आहे. ज्याला आपल्या फाईलवर एवढा भरवसा आहे, त्यानं ती तिथं रोलरवर चालवून दाखवावी, धूर मर्यादेत राहिला तर खुशाल विकावी. मी पुन्हा गिऱ्हाईक होईन. आधी क्लच बदलून.

पुतण्याची डबी सध्या माझ्या गल्ल्यात आहे, वजनकाट्याशेजारी. तो रोज एकदा विचारतो.

आणि डिझायर? दिल्लीत डिझेलला असलेली दहा वर्षांची मुदत भरली, 2024 मध्ये एनओसी घेऊन ती सांगलीला पाठवली, नंबर एमएच 10 झाला. धाडण्याआधी मूळ फाईल परत चढवावी म्हणून गुरुग्रामला गेलो, तर त्या गाळ्यात मोमोजचं दुकान. एनओसीवर इंजिन नंबर होता, चॅसिस नंबर होता, फाईलसाठी रकानाच नव्हता. गावाकडे विट्यातही ती पीयूसी पास झाली. गेल्या आठवड्यात थोरल्या भावाचा फोन आला. “दिल्लीची गाडी लई पळती रं. हितल्या गाड्यांस्नी तसा जोर न्हाई.”

मी म्हटलं, क्लचकडं लक्ष ठेव.