गाडीची उतरलेली किंमत कोणाकडून घ्यायची?



दुसऱ्याने धडक दिलेली गाडी गॅरेजमधून नव्यासारखी होऊन आली, तरी विकायला काढली की भाव कमीच येतो. बदललेला दरवाजा, एका बाजूचा रंग जाड, हे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला लगेच कळतं. आपली चूक नसताना झालेलं हे नुकसान खरंच आहे. मग ते भरून कोणी द्यायचं?

आपल्याकडे दोन सल्ले मिळतात. एक, “जाऊ दे, क्षमा कर.” दुसरा, “विकताना अपघाताचं बोलूच नको.” मला दोन्ही पटत नाहीत.

आधी विम्याचं बघू. आपल्या स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्ती होते, उतरलेली बाजारकिंमत मिळत नाही. झिरो डेप घेतलं तरी नाही. त्यात फक्त बदललेल्या भागांवरचा घसारा कापत नाहीत. ही घट मागायची ती धडक देणाऱ्याकडे आणि त्याच्या थर्ड पार्टी विम्याकडे. खासगी गाडीच्या या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ७.५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करावा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. पोलिसांतली नोंद, जागेवरचे फोटो, गॅरेजचं बिल, आणि अपघात न झालेल्या तशाच गाडीला काय भाव येतो व आपल्या गाडीला काय, याचे लेखी आकडे जपून ठेवा. मागितलेलं सगळं मिळेलच असं नाही, पण मागण्याची जागा हीच आहे.

असं मागणं म्हणजे लोभ नव्हे. उत्तम क्षमा मनातला राग सोडायला सांगते, न्याय्य हिशोब सोडायला नाही. मात्र हिशोब खरा हवा. “जुना ओरखडाही याच बिलात घालू” असं गॅरेजवाला म्हणाला तर नाही म्हणा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, ती हीच: खोटा कागद.

त्याच अध्यायात अचौर्याणुव्रताचा एक अतिचार आहे, प्रतिरूपक व्यवहार. हलका माल चांगल्याच्या नावाने खपवणं. अपघात लपवून गाडी विकणं यापेक्षा वेगळं काय आहे? धडक कोणीतरी दिली आणि पैसे मात्र आपण तिसऱ्याच्याच खिशातून काढले. तो बिचारा कर्ज काढून पहिली गाडी घेणारा असू शकतो. शिवाय प्रश्न पैशांपुरता नाही. उघडलेली एअरबॅग नीट बसवली आहे का, चेसिसला मार आहे का, हे त्याला माहीतच नसेल तर तपासणार कसं? त्या गाडीत उद्या कोणाची तरी लेकरं बसणार आहेत. इथे चोरीच्या पुढे हिंसेचाही दोष लागतो.

“सगळेच लपवतात, आपणच का नुकसान सोसायचं?” असं घरातली पुरुषमंडळी म्हणतील. पाणी गाळून पिणाऱ्या घराने व्यवहारही गाळूनच करावा, असं मला वाटतं. बिलांची फाईल गिऱ्हाईकासमोर ठेवा, काय बदललं ते सांगा, आणि भाव त्याला ठरवू द्या. चार पैसे कमी येतील. पण प्रतिक्रमणाला बसताना त्या गाडीची आठवण टाळावी लागणार नाही.