डायलमागचा बल्ब

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त झाला, आवाज पूर्वीसारखा भरदार आला, तरी डायल अंधारी असेल तर मालकाचं समाधान होत नाही. स्टेशनांची नावं मिरवणाऱ्या त्या काचेवर मागून पिवळसर उजेड पडल्याखेरीज मर्फी काय, बुश काय, अर्धवटच वाटतो. मग बल्बाचा शोध सुरू होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर. दुकानदार विजेरीचा बल्ब पुढे करतो, आट्या होल्डरमध्ये नेमक्या बसतात, रेडिओ लावताच लख्ख प्रकाश पडतो आणि बल्ब उडतो.

तो उडणारच. दोन सेलच्या विजेरीचा बल्ब साधारण अडीच व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या बहुतेक रेडिओंत व्हॉल्व्हचे हीटर आणि डायलचा बल्ब यांना 6.3 व्होल्ट मिळतात.

म्हणजे बल्ब निवडताना नुसतं टोपण बघून भागत नाही. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळावे लागतात. अमेरिकन पद्धतीत यासाठी ठरलेले क्रमांक आहेत. पिनांच्या टोपणाचा 47 आणि आट्यांचा 40 हे दोन्ही 6.3 व्होल्ट, 0.15 अँपिअरचे. 44 आणि 46 यांचे व्होल्ट तेच, पण प्रवाह 0.25 अँपिअर. क्रमांक पुसला गेला असेल तर भिंग घेऊन काचेच्या आत पाहावं. तारांना आधार देणारा एक बारीक काचेचा मणी दिसतो. तो तपकिरी असेल तर बल्ब 0.15 चा, निळा असेल तर 0.25 चा. 44 च्या जागी 47 लावला तर उजेड थोडा कमी पडतो, पण उष्णताही कमी होते आणि प्लॅस्टिकची डायल वाकत नाही. पिनबॉलच्या यंत्रांतही हेच 44 आणि 47 वापरतात. त्यामुळे हे क्रमांक आजही नवे मिळू शकतात, ही मोठीच सोय.

खरी गंमत अमेरिकेतल्या पाच व्हॉल्व्हच्या, बिनट्रान्सफॉर्मरच्या रेडिओत आहे. त्यात पाचही हीटर दिवाळीच्या माळेतल्या दिव्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. 12.6 व्होल्टचे तीन, 50 चा एक आणि 35 चा एक, बेरीज 122.8, म्हणजे तिथल्या घरगुती विजेइतकीच. यातल्या 35 झेड 5 या रेक्टिफायरच्या हीटरला मध्येच एक फाटा काढलेला असतो आणि डायलचा 47 नंबरचा बल्ब त्या छोट्या तुकड्याला समांतर बसतो. रेडिओ लावताच हा बल्ब क्षणभर प्रखर होतो, मग मंदावतो आणि व्हॉल्व्ह तापून आवाज येऊ लागला की पुन्हा उजळतो.

इथे बल्ब नुसता शोभेचा नाही. रेडिओला लागणाऱ्या प्रवाहातला काही भाग तो स्वतःवर घेतो. तो जळाला की सगळा भार हीटरच्या त्या तुकड्यावर येतो, तुकडा जास्त तापतो आणि एक दिवस तुटतो. माळ तुटली की पाचही व्हॉल्व्ह थंड. जळका बल्ब ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देणाऱ्याला शेवटी नवा रेक्टिफायर शोधावा लागतो. अशा जागी एलईडी लावणंही चूकच, कारण तो हा प्रवाह वाहून नेत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओत एलईडी चालतो, पण त्याच्या पांढऱ्या झगझगाटात जुनी डायल ओकीबोकी दिसते.

बिनट्रान्सफॉर्मरच्या रेडिओची चेसिस थेट विजेला जोडलेली असू शकते, तेव्हा बल्ब बदलण्याआधी प्लग भिंतीतून काढाच. काचेची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसू नका, अक्षरं निघून येतात. आणि दुकानात जाताना जुना बल्ब, जळका असला तरी, खिशात घेऊन जा.